सकाळची पहिली विनंती: पायवरच्या पॅसेंजरची नोंद

घरच्या रास्पबेरी पाय या छोट्या संगणकावर आजोबांच्या कपाटातल्या पुस्तकांची सूची चालते. श्रीसयाजी साहित्यमाला या ग्रंथमालेचे जुने खंड धरून सव्वासहाशे नोंदी. रेल्स या वेब फ्रेमवर्कमधलं लहानसं अ‍ॅप, पुढे एनजिनएक्स हा वेब सर्व्हर आणि त्याच्या जोडीला अ‍ॅप सुरू-बंद करणारा पॅसेंजर. बडोद्याच्या दांडिया बाजारातल्या मावशीचा फोन आला, "अरे, सकाळी तुझं पान उघडतच नाही. दुसऱ्यांदा दाबलं की लगेच येतं."

खरं तर तिच्या दुसऱ्या वाक्यातच सगळं होतं. मी मात्र दोन संध्याकाळी राउटर आणि डीएनएस (साइटच्या नावावरून पत्ता शोधणारी सेवा) तपासण्यात घालवल्या. मग कर्ल या कमांडने पान मागवून वेळेचे तुकडे पाडले. नाव शोधणं आणि जोडणी क्षणात, पण उत्तराचा पहिला बाइट यायला १४ सेकंद. लगेच परत मागितलं तर ०.२.

रात्रभर कुणी फिरकलं नव्हतं अशा वेळी पॅसेंजर-स्टेटस ही कमांड चालवून पाहिली, तर अ‍ॅपची एकही प्रोसेस (चालू प्रत) नाही. पायची मेमरी १ जीबीच, म्हणून मीच मिन-इन्स्टन्सेस, म्हणजे कमीत कमी किती प्रोसेस ठेवायच्या ते सेटिंग, शून्य ठेवलं होतं. रिकामी बसलेली प्रोसेस पॅसेंजर मूळ सेटिंगनुसार ३०० सेकंदांनी बंद करतो. त्यानंतर जो पहिला येईल त्याच्यासाठी अख्खं रेल्स नव्याने उभं राहायचं. मिन-इन्स्टन्सेस १ केलं. एक प्रोसेस साधारण १५० एमबी खाते, तेवढी जागा निघते.

तीन दिवस छान गेले. चौथ्या दिवशी सकाळी पुन्हा १४ सेकंद!

पहाटे ४ ला बॅकअपनंतर माझी स्क्रिप्ट एनजिनएक्स रीस्टार्ट करते, आणि ती आठवड्यातून एकदाच चालते. हा भाग नीट समजून घेण्यासारखा आहे. मिन-इन्स्टन्सेस १ म्हणजे 'सर्व्हर सुरू होताच एक प्रोसेस उभी कर' असं नव्हे. अ‍ॅप एकदा सुरू झाल्यावर एकापेक्षा कमी होऊ देऊ नको, एवढाच त्याचा अर्थ. रीस्टार्टनंतरची पहिली विनंती येईपर्यंत पॅसेंजर स्वस्थच बसतो. सर्व्हर सुरू होताच अ‍ॅप उभं करायला प्री-स्टार्ट हे सेटिंग, अ‍ॅपच्या पत्त्यासह, वेगळं द्यावं लागतं. ते मी आधी एनजिनएक्सच्या सेटिंगमधल्या सर्व्हर ब्लॉकमध्ये (एका साइटच्या भागात) घातलं आणि एनजिनएक्सने चाचणीतच नाकारलं. त्याची जागा बाहेरच्या एचटीटीपी ब्लॉकमध्ये. पत्ताही सर्व्हर-नेम आणि पोर्टशी जुळणारा हवा, कारण पॅसेंजर त्या पत्त्यावर खरोखरची हेड विनंती (पान न मागता फक्त त्याची माहिती मागणारी) पाठवतो.

आता रीस्टार्टनंतर मिनिटभराने मोजलं तरी मुखपृष्ठ ०.२ सेकंदात येतं. शोधाचं पान पहिल्यांदा अजून सेकंदभर घेतं, कारण प्री-स्टार्टने फक्त मुखपृष्ठ गरम होतं. उद्या तोच पत्ता शोधाच्या पानाचा देऊन बघणार आहे. मावशीला लेखकाच्या नावाने शोधायचं असतं, तिचं पहिलं पान तेच.