टॉपला तडा, मग गट्टू : सागवानी टेबलाची पुढची हकीकत

रविवारी दुपारी तीनच्या सुमारास काडकन आवाज झाला. संध्याकाळी टेबलावरची पुस्तकं उचलली तेव्हा कळलं. टॉपला एका टोकापासून हातभर लांब तडा गेलाय, तोंडाशी ३ मिमी रुंद. चिकटवलेले जोड शाबूत आहेत. तडा जोडाच्या शेजारून, चांगल्या लाकडातून गेलाय. मला रडूच आलं.

हे तेच टेबल, आजोबांच्या हातमागाच्या खांबांतून पाय काढलेलं. पायांचं कौतुक मागे सांगून झालंय, आज फक्त टॉप. ऑगस्टमध्ये बसवताना मी चारही आडपट्ट्यांवर (टॉपखाली पायांना जोडणाऱ्या उभ्या फळ्या) लोखंडी एल-अँगल मारले, एकूण १४, सगळे घट्ट. लांब आडपट्ट्यांना वरून फेव्हिकॉलही लावलं. तेव्हा वाटलं, आता हत्ती उभा राहिला तरी हलणार नाही. टॉप हलायला जागाच उरली नव्हती, आणि तेच नडलं.

टॉपच्या खालच्या बाजूला मी ऑगस्टमधली रुंदी लिहून ठेवली होती : ७५२ मिमी. रविवारी, तडा वगळून, भरली ७४६. लांबीत मात्र टेपला दिसेल असा फरक नाही. लाकूड रेषेच्या, म्हणजे तंतूंच्या, दिशेने जवळपास हलत नाही, आडवं हलतं. सागवान त्यातल्या त्यात शांत. तरी साध्या चिरलेल्या फळीत ओलावा एक टक्क्याने बदलला की रुंदी साधारण ०.१९ टक्के बदलते, म्हणजे माझ्या टॉपला सुमारे १.४ मिमी. आपल्या सोलापुरात ऑगस्टमध्ये खोलीतला आर्द्रतामापक ७५ टक्क्यांच्या आसपास होता, आता मे महिन्यात दुपारी १६ टक्के दाखवतो. टॉप कडक भाकरीसारखा वाळला, त्याला आकसायचं होतं, आणि मी त्याला दोन्हीकडून धरून ठेवलं होतं.

अँगल काढले, फेव्हिकॉल पटाशीने सोडवलं, आणि डोळ्यांदेखत तडा निम्मा मिटला! ताण सुटल्यावर लाकूड असं जागेवर येतं हे वाचलं होतं, पहिल्यांदाच पाहिलं. मग तड्याच्या रेषेत टॉप चिरला, दोन्ही कडा रंध्याने सरळ केल्या आणि पुन्हा चिकटवला. रुंदी गेली ४ मिमी. जोड आता शोधावा लागतो.

खरा प्रश्न पुढे होता. टॉप घट्ट बसला पाहिजे, धरून उचलला तर आडपट्ट्या सुटता कामा नयेत, आणि तरी तो आडवा सरकला पाहिजे.

मंगळवार पेठेतल्या हार्डवेअरच्या दुकानात लांबट भोकांचे अँगल मिळाले. घरी आणून लावून पाहिले तर भोकं आडपट्टीला समांतर. लांब आडपट्टीवर आपल्याला सरक हवी ती आडपट्टीपासून आत-बाहेर, नेमकी उलट. मग आठच्या आकाराच्या पत्र्याच्या क्लिपा ऑनलाइन मागवल्या. पत्रा इतका पातळ की स्क्रू आवळताच वाकला. पैसे वाया गेले. जाड पत्र्याच्या मिळाल्या तरच घ्या.

शेवटी लाकडी गट्टू, म्हणजे टॉपला आडपट्टीशी धरून ठेवणारे छोटे ठोकळे. उरलेल्या सागवानाचे, ४५ मिमी लांब, ३० रुंद, २० जाड. एका टोकाला १२ मिमीची जीभ, ती आडपट्टीच्या खाचेत जाते. दुसरीकडून स्क्रू टॉपमध्ये. खाचेच्या वर आडपट्टीचं १० मिमी लाकूड ठेवलं आणि जिभेच्या वरची पायरी ९ मिमी. त्यामुळे आवळण्याआधी गट्टू आणि टॉपमध्ये १ मिमी फट राहते आणि स्क्रू टॉपला खाली ओढून बसवतो. पहिले दोन गट्टू जिभेशी तुटले, कारण रेषा जिभेला आडवी आली होती. रेषा जिभेच्या लांबीतच हवी.

चौकट आधीच जोडलेली, त्यामुळे राउटर (खाचा पाडायचं विजेचं यंत्र) कोपऱ्यांपर्यंत पोचत नाही. म्हणून खाचा पटाशीने पाडत होते. (जुन्या बाजारातली काळी पटाशी नव्या चकचकीत सेटपेक्षा दुप्पट वेळ धार धरते, हे माझं पक्कं मत.) आखूड आडपट्ट्यांच्या चार खाचा झाल्या, मग एका लांब आडपट्टीच्या चार खाचांना दोन संध्याकाळी गेल्या. दुसरीला हात घालताना सुचलं की खाच आडपट्टीतच कशाला हवी? २२ मिमीची वेगळी पट्टी घेतली, बाकावर राउटरने सलग खाच पाडली आणि आडपट्टीच्या आतून चिकटवून स्क्रूने बसवली. पट्टी आणि आडपट्टी दोन्हींची रेषा एकाच दिशेला, म्हणून इथे फेव्हिकॉल चालतं. काम पाऊण तासात! आधीच सुचलं असतं तर त्या दोन संध्याकाळी वाचल्या असत्या.

बसवताना ऋतू बघायचा. आत्ता टॉप सगळ्यात आकसलेला आहे, पावसात बाहेरच्या बाजूला फुगणार. म्हणून लांब आडपट्ट्यांवर गट्टूचा खांदा (जीभ सुरू होते तिथली कड) आडपट्टीपासून ४ मिमी दूर ठेवला, खाचही १२ मिमी खोल. पावसाळ्यात बसवणाऱ्यांनी उलट करायचं : खांदा जवळ, जीभ पूर्ण आत. आखूड आडपट्ट्यांवर गट्टू खाचेतून आडवा सरकतो, म्हणून तिथे खाच ४० मिमी रुंद. त्या दोन्हींच्या मधोमध मात्र एकेक स्क्रू थेट घट्ट, म्हणजे फुगवटा दोन्हीकडे सारखा वाटला जाईल.

एकूण १२ गट्टू. काल भावजी आणि मी टॉपला धरून टेबल उचललं. आडपट्टीशी कागदही जाईना. मी दोनदा उचलायला लावलं.

आता पायांचा विचार बदललाय. चौथा पाय किंचित डुगडुगतो, तो मी पुन्हा कुसू (खाचेत बसणारी लाकडी जीभ) घालून चिकटवणार होते. पण टेबल जिन्यातून खाली न्यायचंय आणि वळण अरुंद आहे. म्हणून कोपऱ्यात तिरपा ठोकळा बसवून ८ मिमीचा बोल्ट घालायचा, एका टोकाला लाकडाचे आटे आणि दुसऱ्याला नटाचे. चारही पाय सुटे होतील. हातमागाचं लाकूड मात्र फार कडक आहे, आणि आधीच्या भोकांजवळ फुटेल अशी धास्ती वाटते. जुन्या सागवानात असा बोल्ट कुणी घातला असेल तर आधी किती मिमीचं भोक पाडलं ते सांगा. तोवर टॉपखाली दोन्ही बाजूंना आडपट्टीलगत पेन्सिलची रेघ ओढून ठेवली आहे. आषाढात ती किती सरकते ते मोजेन.