जुनी क्वाड घेताना आधी सीट उचला

गिरणाऱ्याच्या माझ्या चुलतभावाने परवा फोटो पाठवले. त्र्यंबक रोडवरच्या एका रिसॉर्टची जुनी एटीव्ही विकायला निघालीय, म्हणजे मोटारसायकलसारखी बसून चालवायची, चार जाड टायरची गाडी; आमच्याकडे तिलाच क्वाड म्हणतात. "ताई, तुम्ही तिकडे बागेत हीच फिरवता ना? घेऊन टाकू का?" फोटोत गाडी धुऊनपुसून, टायरला काळं पॉलिश मारून उभी. त्याला फोनवर जे सांगितलं तेच इथे लिहिते, म्हणजे नाशिककडच्या बाकी भावंडांनाही उपयोगी पडेल.

मी असते मार्लबरोला, न्यूझीलंडच्या दक्षिण बेटाच्या वरच्या टोकाला. मैलोन्‌मैल द्राक्षबागा, बहुतेक सोव्हिन्यों ब्लां या वाइनच्या द्राक्षाच्या. आपल्याकडे मांडवाखालून छोटा ट्रॅक्टर फवारणीचा ब्लोअर ओढत जातो. इथे मांडव नाही, उभ्या तारांच्या लांबच लांब ओळी. तुटलेली तार, गळका ड्रीप, छाटणीवाल्यांचं पाणी, सगळीकडे माणूस क्वाडवर बसून पोचतो. मागच्या रॅकवर बहुधा कुत्रा, तोही अगदी मालकाच्या ऐटीत.

कामाची क्वाड म्हणजे पुढे-मागे लोखंडी रॅक, चारही चाकांना ताकद, चढावासाठी लो गिअर, मागे ट्रेलर जोडायला हूक. मागच्या हिवाळ्यात, म्हणजे इथल्या जूनमध्ये, मी स्वतःसाठी एक जुनी घेतली. त्याआधी गोठेवाल्यांच्या आणि बागवाल्यांच्या शेडमध्ये वाकून वाकून बऱ्याच गाड्या पाहिल्या. त्यातून माझं मत पक्कं झालं: या गाडीचं इंजिन सहसा आधी मरत नाही. मरतं ते इंजिनाच्या भोवतालचं. आणि ते किती मेलंय, हे गाडीने कुठलं काम केलं त्यावर ठरतं.

मीटरवर किलोमीटर असतात, बऱ्याच गाड्यांवर तासही असतात. दोन्ही बघा आणि भागाकार करा. ६,००० किलोमीटर आणि ९०० तास म्हणजे ताशी सातसुद्धा नाही. ती गाडी ओळीओळीतून रांगत, थांबत, चालू इंजिनावर उभी राहून राबलेली. नुसते किलोमीटर बघून "कमी चाललीय" म्हणणारा विकणारा खोटं बोलत नसतो, पण अर्धंच सांगत असतो.

मग सीट उचला. खाली एअर फिल्टरचा डबा असतो. क्लिपा काढून फिल्टर बाहेर घ्या आणि फिल्टरच्या पलीकडे, जिथून हवा इंजिनात शिरते त्या नळीत, बोट फिरवा. बोट कोरडं-स्वच्छ आलं तर उत्तम. मऊ पिठासारखी धूळ लागली, तर ती धूळ पिस्टनपर्यंत गेलीय आणि रिंगा घासल्यात असं समजा. एका गाडीत माझं बोट चक्क मातकट निघालं, मालक मात्र नव्या सीट कव्हरचं कौतुक सांगत होता. अशी गाडी सुरू करताना निळसर धूर सोडते, ऑइल खाते. आमचे आप्पा जुना ट्रॅक्टर बघायला जायचे तेव्हा पहिल्यांदा बॉनेटवर हात ठेवायचे. कोमट लागलं की विचारायचे, "आमच्या आधीच गरम कशाला केलं?" इथेही तेच. सेल थंड इंजिनावरच मारायला लावा.

पुढचं काम जमिनीवर बसून. पुढचं टोक जॅकवर घेऊन चाक वर-खाली धरून हलवा. खडखडलं तर बेअरिंग किंवा बॉल जॉइंट गेलेला. अॅक्सलच्या, म्हणजे चाक फिरवणाऱ्या दांड्याच्या, टोकाचे रबरी बूट (जॉइंटवरची टोपणं) फाटलेत का ते बघा. बूट स्वस्त असतो, पण फाटलेल्या बुटातून चिखल शिरला की आतला जॉइंटच बदलावा लागतो. डिफरन्शियलचं, म्हणजे चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या डब्याचं, ऑइल थोडं सोडून पाहा, दुधाळ असेल तर आत पाणी गेलंय. ओढ्या-नाल्यातून गाडी घालणाऱ्यांची ही सही.

गोठ्यावरची गाडी असेल तर खालचा संरक्षक पत्रा काढायला सांगा. शेण-मूत आणि ओल तिथे साठून चेसिस गंजते, वरून काही दिसत नाही. फवारणीच्या गाडीचं दुखणं वेगळं: टाकीच्या वजनाने मागचा रॅक वेल्डिंगपाशी तडकतो, औषधाने वायरींचे जोड हिरवे पडतात.

गिअरचं म्हणाल तर होंडाच्या ४२० सारख्या गाडीत खरेखुरे गिअर आणि शाफ्ट, पट्टा नाही. यामाहा, पोलारिस, सुझुकी यांच्या बहुतेक कामाच्या गाड्यांत रबरी पट्ट्यावरचं ऑटोमॅटिक. पट्टा वाईट नाही, चालवायला उलट सोपं. फक्त चढावर ओझं घेऊन चालवून बघा. रबर जळल्याचा वास आला किंवा इंजिन ओरडतंय आणि गाडी सरकत नाही असं झालं, तर भाव पाडा नाहीतर निघा.

एक गोष्ट मात्र भावाला दोनदा बजावली. ही गाडी उलटते. रुंदी कमी, बसायची जागा उंच, आणि मागे अर्धी भरलेली टाकी असेल तर आतलं पाणी हिंदकळून बांधावर तोल घालवतं. ऑस्ट्रेलियात ११ ऑक्टोबर २०२१ पासून नव्या कामाच्या क्वाडला मागे संरक्षक कमान सक्तीची झाली. त्या नियमाच्या वादात होंडा, यामाहाने तिथे कामाच्या नव्या क्वाड विकणंच थांबवलं. माझ्या गाडीला कमान आहे. नसती तर घेतली नसती.

आता त्र्यंबक रोडची ती एटीव्ही. भावाला म्हटलं, खाली वाकून मागच्या अॅक्सलचा फोटो काढ. आला फोटो: साखळी. म्हणजे फक्त मागच्या चाकांना ताकद, रॅक नाही, हौशी पर्यटकांनी वर्षानुवर्षं उडवलेली गाडी. बागेत तिचा उपयोग पोरांना चक्कर मारण्यापुरता. शिवाय आपल्याकडे बहुतेक एटीव्हींची आरटीओत नोंदणी होत नाही, त्यामुळे मळ्यातून डांबरी रस्त्यावर काढली की पंचाईत.

तो म्हणाला, मग तुझ्यासारखी चांगली क्वाड शोधतो. त्यावर मी त्याला एवढंच विचारलं, की ऐन ऑक्टोबर छाटणीत बूट फाटला तर दिंडोरीत कोणाकडे मिळेल? इथे गावातल्या दुकानात दुसऱ्या दिवशी मिळतो म्हणून माझी गाडी भरवशाची. तिकडे छोट्या ट्रॅक्टरचा पार्ट पिंपळगावला दुपारपर्यंत हातात येतो, आणि मिस्त्री तर गावातलाच. तो आता जुना छोटा ट्रॅक्टर बघतोय. एअर क्लीनर उघडून बघायला सांगितलंय.