सहा प्रश्नचिन्हं

वसईच्या एका चर्चच्या कॉयरमधल्या (गायकवृंदातल्या) मास्तरांचा नाताळच्या तोंडावर मला फोन आला. चार आवाजांची मराठी गीतं ते स्टाफ नोटेशनमध्ये, म्हणजे पाच रेघांच्या पाश्चात्त्य स्वरलिपीत, कॉम्प्युटरवर लिहितात. त्याचा प्रोग्रॅम उघडला की ‘साउंड्स लोड होत आहेत’पर्यंत यायचा आणि गायब. एररचा चौकोनसुद्धा नाही.

नोटेशन म्हणजे टायपिंगच, असं लोकांना वाटतं. पण फाइलमध्ये नुसत्या खुणा असतात. आवाज येतात वेगळ्या लायब्ररीतून. पियानोची एकेक पट्टी हळू, मध्यम, जोरात अशी वेगवेगळी रेकॉर्ड केलेली, आणि ते सगळं मेमरीत चढवायचं. म्हणून इथे मरणाऱ्या प्रोग्रॅमचे संशयित ठरलेले: रॅम, जुना ३२-बिट प्लगइन (वरून जोडलेला छोटा प्रोग्रॅम), ऑडिओ ड्रायव्हर, डीएलएल (प्रोग्रॅमला लागणारी कोडची फाइल) उचलून कोंडून ठेवणारा अँटिव्हायरस.

कंपनीच्या सपोर्टने ‘काढून पुन्हा टाका’ म्हणून हात झटकले होते. दुकानदाराने ८ जीबीची रॅम १६ करून पैसे घेतले होते. रॅम कमी पडली तर मशीन आधी रखडतं, हार्ड डिस्कचा दिवा जळत राहतो. इथे क्षणात खेळ खलास. एवढं बघायला पैसे पडत नाहीत, पण बघतो कोण!

स्क्रीन शेअर करून घेतली. प्लेबॅक (गीत वाजवून दाखवणं) बंद ठेवून उघडलं, तर सुखरूप उघडलं. प्लगइनचं फोल्डर बाजूला सरकवून, प्लेबॅक चालू करून पाहिलं, तर पुन्हा गायब. इव्हेंट व्ह्यूअरमध्ये, म्हणजे विंडोजच्या नोंदवहीत, दोषी मॉड्युल म्हणून आवाज वाजवणाऱ्या साउंड इंजिनचीच डीएलएल, कारण अ‍ॅक्सेस व्हायोलेशन, म्हणजे मेमरीत नको तिथे हात घालणं. मग इंजिनचा लॉग (त्याने काय काय केलं याची नोंद) काढला. शेवटच्या ओळीत फाइलचा पत्ता: सी ड्राइव्ह, यूजर्स, आणि पुढे सलग सहा प्रश्नचिन्हं.

“मास्तर, मशीनवर तुमचं यूजर नाव काय?”

“‘मास्तर’च. भाच्याने मराठीत टाकून दिलंय.”

म, काना, स, हलन्त, त, र. सहा.

विंडोज आतून युनिकोड आहे, म्हणजे सगळ्या लिप्या त्याला कळतात, पण जुन्या पद्धतीने लिहिलेला प्रोग्रॅम फाइलचं नाव कोडपेजमधून, म्हणजे एकेका भाषागटाच्या अक्षरांच्या तक्त्यातून, मागतो. जर्मन उमलाउटला (अक्षरावरच्या दोन टिंबांना) १२५२ आहे, जपानीला ९३२ आहे. देवनागरीला अशा जुन्या प्रोग्रॅमना वापरता येईल असं कोडपेज विंडोजमध्ये कधी दिलंच गेलं नाही, म्हणून प्रत्येक खुणेचं प्रश्नचिन्ह होतं. विंडोजमध्ये फाइलच्या नावात प्रश्नचिन्ह चालतच नाही, तेव्हा त्या पत्त्यावर काही सापडणं अशक्य. फाइल मिळाली की नाही हे न तपासताच इंजिन पुढे वाचायला जातं आणि कोसळतं. तपासणीची एक ओळ कोणी लिहिली नाही, आणि मास्तरांनी रॅम विकत घेतली.

लायब्ररी डी ड्राइव्हवर हलवून भागेना, कारण इंजिनची कॅशे (हाताशी ठेवलेल्या तात्पुरत्या फाइली) यूजरच्या फोल्डरमध्येच बनते. विंडोजमध्ये कोडपेजऐवजी सगळीकडे यूटीएफ-८ (युनिकोड लिहिण्याची पद्धत) लावण्याचा एक पर्याय आहे. पण त्याच मशीनवर चर्चचं पत्रक जुन्या, युनिकोड नसलेल्या फाँटमध्ये लागतं, त्याला हात लावायची माझी छाती झाली नाही. शेवटी रोमन अक्षरांत नवं खातं काढलं, लायसन्स तिथे पुन्हा चालू केलं, आणि मग खात्याचं दिसणारं नाव बदलून ‘मास्तर’ केलं. दिसणारं नाव बदललं तरी फोल्डर बदलत नाही, हे इथे कामी आलं.

“म्हणजे मराठीत नाव नको होतं?” मास्तरांनी विचारलं. दुकानदार असता तर ‘हो’ म्हणून मोकळा झाला असता. मी म्हटलं, तुमचं नाव बरोबर आहे.

कंपनीला लॉगसकट कळवलं. ‘यूजरच्या सेटिंगचा प्रश्न’ असा शेरा मारून त्यांनी तक्रार बंद केली. मी ती पुन्हा उघडली आहे, या वेळी प्रश्नचिन्हांची ओळ सगळ्यात वर चिकटवून.