बुटकी अंगरक्षक

लहानपणी माझ्या रक्षणाचा ठेका जिने परस्पर घेऊन टाकला होता, ती माझ्याहून चांगली चार बोटं बुटकी होती. अंगात जोर म्हणावा, तर तोही बेताचाच. पण आवाज! कंबरेवर हात ठेवून तिने ‘काय चाललंय रे?’ एवढंच विचारलं, की माझी वही पळवणाऱ्याचे हात आपोआप ढिले पडायचे. मारामारी तिने कधी केलीच नाही. वेळच आली नाही. आली असती तर आपण जिंकू, याची तिला तरी खात्री होती की नाही कोण जाणे. समोरच्याला मात्र तिने तसा संशय कधी येऊ दिला नाही.

मी पहिल्यापासून बुजरी. बाईंनी प्रश्न विचारला की येत असलेलं उत्तरही घशात अडकायचं. मग शेजारून कोपराची ढुशी, ‘अगं, बोल की!’ तरीही माझं तोंड उघडलं नाही, तर ही स्वतःच उभी राहून सांगायची, ‘बाई, तिला येतंय.’ स्वतःला ते उत्तर येत नसायचं, ही गोष्ट वेगळी.

अशा मैत्रिणीचा थोडा जाचही असतो बरं का. मी कुणाशी खेळायचं, कुणाशी कट्टी करायची, सगळं ती ठरवणार. तिचे शत्रू ते माझे शत्रू, कारण विचारायचं नाही. आणि मला चिडवायचा हक्क फक्त तिचा! तिनेच ठेवलेल्या नावाने दुसऱ्या कुणी मला हाक मारली, की ती त्याच्या अंगावर धावून जायची.

मध्यंतरी 2011 सालच्या एका संशोधनाबद्दल वाचलं. माँट्रियलमधल्या पाचवी-सहावीतल्या मुलांच्या लाळेतलं कॉर्टिसोल, म्हणजे ताण आला की वाढणारं संप्रेरक, तपासलं होतं. वाईट प्रसंगी जिवलग मित्र जवळ नसेल तर हे कॉर्टिसोल वाढायचं आणि मुलाला स्वतःबद्दल कमीपणाही वाटायचा. जिवलग मित्र सोबत असेल, तर तोच प्रसंग तितका लागत नसे. मित्राने भांडावं, वाचवावं अशी काही अट नव्हती. तो तिथे होता का, एवढंच पाहिलं होतं.

लगेच तिला फोन करून हे सगळं वाचून दाखवलं. तिने शांतपणे ऐकून घेतलं.

‘नुसतं जवळ असून भागत होतं?’ ती म्हणाली. ‘मग मी एवढा घसा कशाला फोडला गं?’