कोरा रकाना

आईचा जन्मदाखला कसल्याशा कामाला लागला, म्हणून परवा भर दुपारी तासगावला गेले. दाखला हातात पडला. ठिकाण तासगाव, जिल्हा दक्षिण सातारा, लिंग स्त्री. नावाचा रकाना कोरा.

आई 1958 ची. तेव्हा सांगली जिल्हा होता कुठे? 1949 मध्ये साताऱ्याचे दोन वाटे झाले, त्यातल्या दक्षिण साताऱ्याचं सांगली व्हायला 1960 उजाडलं.

ज्या सूतिकागृहात ती जन्मली, तिथे आता खाली मोबाइलचं दुकान आणि वर बेदाण्याच्या पेट्या. मला ते आठवतं ते धाकट्या भावाच्या वेळचं. आजीच्या हातात मेतकूट-भाताचा डबा, माझ्या हातात अळिवाच्या खिरीचा थर्मास, आणि "सांडलीस तर बघ" ही धमकी रस्ताभर. आत फिनेल आणि बाळंतशेपा यांचा मिळून एक वास. तो वास आला की अजून मला भूक लागते, हे कुणाला सांगायची सोय नाही.

मामाही तिथलाच. 11 डिसेंबर 1967 ला कोयनेचा भूकंप झाला तेव्हा दोन दिवसांचा होता. पहाटे साडेचारच्या आतबाहेर सगळं हललं. सिस्टरनी ओल्या बाळंतिणी पोरांसकट अंगणात काढल्या, गोधड्या अंथरल्या आणि शेगड्यासुद्धा बाहेर आणल्या. उजाडेस्तोवर कुणी आत जाईना. आजी म्हणायची, सगळी पोरं भोकाड पसरून रडत होती, हा एकटा ढिम्म झोपलेला. तरी घरात त्याचं नाव पडलं 'भूकंप'. मामाइतका मवाळ माणूस मी पाहिलेला नाही.

पाचवीला सटवाई येऊन नशीब लिहिते, म्हणून पाटाशी कोरा कागद आणि लेखणी ठेवायची आमच्यात पद्धत. सकाळी कागद कोराच असायचा आणि कुणाला त्याचं काही वाटायचं नाही. नगरपालिकेचा रकाना कोरा निघाला तर मात्र प्रतिज्ञापत्र आणा, शाळेचा दाखला आणा, पुढच्या सोमवारी या.

बाहेर येऊन आईला फोन लावला. म्हटलं, "अगं, तू सांगलीची नाहीसच. कागदावर सातारकरीण आहेस."

"बरं झालं," ती म्हणाली. "मग येताना कंदी पेढे आण. माझ्या वेळी वाटले नव्हते कुणी."