भुईकाट्यावरची पावती

काट्यावरच्या पोरानं पावती फाडून हातात दिली आणि विचारलं, "साहेब, वाळू भरलीय का काय?"

१,६२० किलो. गाडी पाच दारांची जिम्नी, मारुतीची छोटी फोर व्हील ड्राइव्ह. आत मी, बायको आणि मेव्हणा, शिवाय हिमाचलात स्पितीला न्यायचं म्हणून बांधलेलं सगळं सामान. सामान आणि माणसं धरून गाडीचं कमाल वजन मॅन्युअलमध्ये १,५४५ किलो दिलंय. पुणं सोडायच्या आधीच आम्ही ७५ किलोनं जास्त भरलो होतो.

दोष माझाच. गाडी आल्यापासून मी सात-आठ महिने नुसते व्हिडिओ बघत होतो आणि नजरेत भरेल ते आधी घेत गेलो. छतावर लोखंडी रॅक, डिकीत प्लायवूडचे ड्रॉवर, पुढं दोन जादा लाइट. रिकामी गाडीच बाराशे किलोच्या आसपास, म्हणजे माणसं धरून हातात उरतात जेमतेम साडेतीनशे. आम्ही तिघं मिळून २२० (मेव्हण्याचा आकडा वेगळा सांगत नाही). हा हिशेब कागदावर पाच मिनिटांत झाला असता, पण मी तो रॅकचे बोल्ट आवळून झाल्यावर केला.

एका गोष्टीतून मात्र गॅरेजच्या मिस्त्रींनी वाचवलं. गाडी उंच करणारं दोन इंची लिफ्ट किट घ्यायचं माझं जवळजवळ ठरलं होतं. त्यांनी गाडी रॅम्पवर चढवली, मला खाली बोलावलं आणि डिफरन्शियलच्या, म्हणजे दोन चाकांना ताकद वाटणाऱ्या गिअरच्या, गोळ्यावर टॉर्च मारला. "हा बघा, दगडाला पहिला हा लागणार. स्प्रिंग उंच केल्या तर बॉडी वर जाईल, हा जिथल्या तिथं राहील." जिम्नीला पुढं-मागं दोन्हीकडं, डाव्या-उजव्या चाकांना जोडणारा सलग अ‍ॅक्सल आहे. त्यामुळं गोळा उचलायचा तर टायरच मोठा लागतो. लिफ्टनं बाजूचा आणि पोटाखालचा भाग वर जातो, तो फायदा खोटा नाही. पण मग कास्टर म्हणजे पुढच्या चाकांच्या स्टिअरिंगचा कल बिघडतो, बॉडीला जोडलेला आडवा पॅनहार्ड रॉड अ‍ॅक्सलला एका बाजूला ओढतो, ब्रेकचे पाइप ताणले जातात, आणि त्या प्रत्येकाचं वेगळं बिल होतं. किट रद्द केलं आणि त्याऐवजी पोटाखाली एक जाड प्लेट बसवून घेतली.

टायर बदलले. कंपनीचे होते १९५/८० आर १५, मी घेतले २१५/७५ आर १५, ऑल टेरेन. गणित केलं तर व्यास साधारण दहा मिलिमीटरनं वाढतो, म्हणजे गोळा उचलला जातो फक्त पाच मिलिमीटर. उंचीसाठी हा खर्च करणारा माणूस फसला. मी केला तो साइडवॉलसाठी, म्हणजे टायरच्या बाजूच्या भिंतीसाठी. ट्रेडमधलं, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागातलं, भोक रस्त्याकडेला पट्टी घालून बुजवता येतं, साइडवॉल फाटली की स्टेपनीशिवाय गत्यंतर नाही. म्हणूनच स्टेपनीसकट पाचही टायर बदलले. दुकानदार चारच घ्या म्हणत होता, पण या गाडीला पुढच्या आणि मागच्या अ‍ॅक्सलमध्ये वेगाचा फरक सामावणारा मधला डिफरन्शियल नाही. फोर व्हीलमध्ये एक चाक वेगळ्या मापाचं असलं की सगळा ताण गिअरच्या दातांवर येतो. मायलेज लिटरमागं एखादा किलोमीटर कमी झालं. बदल विमा कंपनीला मेलवर कळवून ठेवला.

बुल बारचा, म्हणजे बंपरपुढच्या लोखंडी गार्डचा, मोह मेव्हण्याला होता. डिसेंबर २०१७ मध्ये केंद्रानं राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलंय, आणि पुढं लोखंड लावलं की एअरबॅगचा सेन्सर काय समजेल याचा भरवसा नाही. तो विषय चहा संपायच्या आत मिटला.

लाइटचं प्रकरण मात्र अंगाशी आलं. ज्या दुकानात ते बसवले तिथल्या मुलानं हेडलाइटच्या वायरला जोड मारून करंट घेतला. रिले (जास्त करंट वेगळ्या वायरीनं नेणारा स्विच) नाही, फ्यूज नाही. ताम्हिणीत भर पावसात प्लास्टिक जळाल्याचा वास आला. बॉनेट उघडलं तर वायरचं कव्हर वितळून बॉडीला चिकटलेलं. पुन्हा सगळं काढलं. बॅटरीपासून स्वतंत्र वायर, बॅटरीजवळच फ्यूज, मध्ये रिले. या कामाला दुसऱ्या मिस्त्रींचे तीन तास गेले आणि तेवढा वेळ मी शेजारी उभा राहिलो.

हवेचा कॉम्प्रेसर ही सगळ्यात कमी दिखाऊ आणि सगळ्यात जास्त वापरलेली वस्तू. तोही बॅटरीला थेट क्लिप लावून चालणारा घ्यावा. डॅशबोर्डच्या सॉकेटवर मोठा कॉम्प्रेसर लावला की फ्यूज उडतो. त्याच्यासोबत अडकलेली गाडी ओढायचा, ताणला जाणारा रिकव्हरीचा दोर आणि तो अडकवायला दोन सॉफ्ट शॅकल (दोरीच्या कड्या) घेतले.

दुसऱ्यांदा काट्यावर गेलो ते रॅक आणि ड्रॉवर घरी ठेवून. पेट्रोलचा कॅनही काढला. टाकी ४० लिटरची, स्पितीतलं मुख्य गाव काझा, तिथं पंप आहे आणि रिकाँग पिओ किंवा मनाली, दोन्हीकडून अंतर दोनशे किलोमीटरच्या घरात. बायकोनं माझ्या बॅगेतून दोन जॅकेट आणि एक लोखंडी तवा काढला. १,५३० किलो. पोरगा या वेळी काही बोलला नाही.

सप्टेंबरात निघालो. काझाला, म्हणजे ३,६५० मीटरवर, गेजवर हवा घरच्यापेक्षा जास्त दिसायला लागली. बाहेरचा दाब कमी झाला की असं होतं, टायरमध्ये कुणी जादा फुंकलेलं नसतं. कुंझुम खिंड उतरून बातल ते छतरू हा दगडांचा पट्टा हवा कमी करून, लो रेंजमध्ये (कमी वेग, जास्त ताकद देणाऱ्या गिअरमध्ये) काढला. नाले सकाळीच ओलांडले, दुपारी बर्फ वितळून पाणी चढतं. छतरूच्या अलीकडं एका ट्रकवाल्यासाठी थांबलो, त्याला कॉम्प्रेसर दिला. दोर पिशवीतून बाहेर आलाच नाही.

परत आल्यावर मिस्त्रींनी गाडी पुन्हा रॅम्पवर घेतली. प्लेटवर तीन ओरखडे. मागच्या गोळ्यावर एक, लांब आणि ताजा. त्यांनी त्यावर बोट फिरवलं आणि माझ्याकडं बघून भुवया उडवल्या.