तुम्ही विचारलंत म्हणून: दोन हंबकरच्या कॉइल्स एकत्र का करायच्या?

"दोन वेगळ्या हंबकरमधली एकेक कॉइल काढून तिसराच पिकअप जुळवला, तर आवाज खरंच सुधारतो का?" गिटारचं काम करून घ्यायला येणारे बरेच जण कधी ना कधी हे विचारतात. पिकअप म्हणजे तारेचं कंपन विजेच्या सिग्नलमध्ये बदलणारा गिटारवरचा भाग, कॉइल म्हणजे त्यातलं बारीक तारेचं वेटोळं, आणि हंबकर म्हणजे दोन कॉइल्सचा पिकअप. कुणी कुठेतरी ऐकलेलं असतं, कुणाकडे बदलून ठेवलेला पिकअप खोक्यात पडून असतो. तुम्हीही विचारलंत म्हणून जरा ऐसपैस लिहितो.

माझं उत्तर हो असं आहे. सुधारतो, आणि सगळ्यात जास्त खर्जाच्या तारांवर. अँपचा गेन, म्हणजे सिग्नलची वाढ, चढवला की जाड तारांवरच्या कॉर्डमधले स्वर एकमेकांत मिसळून जातात, कुठली तार कधी वाजली तेच कळत नाही, ही तक्रार नेहमीची आहे. त्यावर लोक आधी अँप बदलतात, मग पेडल. माझ्या मते आधी कॉइल्सकडे बघावं.

हंबकरमध्ये दोन कॉइल्स असतात त्या विजेच्या भुणभुणीमुळे. एका कॉइलचा पिकअप तारेचं कंपन उचलतो, तशीच घरातल्या वायरिंगची ५० हर्ट्झची भुणभुणही उचलतो. गिब्सन या अमेरिकन गिटार कंपनीच्या कलामझूच्या कारखान्यात सेथ लव्हर यांनी त्यावर तोड काढली. शेजारी शेजारी दोन कॉइल्स, एकीकडे चुंबकाचा उत्तर ध्रुव, दुसरीकडे दक्षिण, आणि जोडणी एकमेकींच्या उलट. बाहेरची भुणभुण दोन्हींत सारखीच शिरते आणि उलट जोडणीमुळे आपसांत कटते. तारेचा सिग्नल मात्र ध्रुवामुळे एकदा आणि जोडणीमुळे पुन्हा एकदा उलटतो, त्यामुळे तो सरळ होतो आणि त्याची बेरीज होते. जून १९५५ मध्ये लव्हर यांच्या पेटंटचा अर्ज गेला, पेटंट मिळालं १९५९ मध्ये. तोवरच्या आणि नंतरही काही काळच्या पिकअपच्या पाठीवर 'पेटंट अप्लाइड फॉर' छापलेली चिठ्ठी असायची, म्हणून त्यांना आजही पीएएफ म्हणतात.

कागदावर दोन्ही कॉइल्स तंतोतंत सारख्या हव्यात. ४२ गेजची एनॅमलची तार (गेज म्हणजे तारेच्या जाडीचं माप, आकडा मोठा तशी तार बारीक), प्रत्येकीवर साधारण ५००० वेढे. प्रत्यक्षात त्या तशा निघत नसत. बॉबिन, म्हणजे तार गुंडाळायची रीळ, भरलेली दिसली की मशीन थांबवायचं अशी रीत होती, त्यामुळे एकीवर वेढे कमी, दुसरीवर जास्त. एक पीएएफ मीटरवर साडेसात किलोओहम दाखवतो, तर त्याच्या शेजारचा साडेआठ. आज हे जुने पिकअप लाखांत विकले जातात आणि ज्यांच्या आवाजाचं कौतुक होतं त्यांत विषम कॉइल्सचे पुष्कळ आहेत. पुढे गिब्सननेच बर्स्टबकर काढले ते जाणूनबुजून विषम कॉइल्सचे. दोन कॉइल्स वेगवेगळ्या बांधायच्या पद्धतीला डिमार्झिओ ही पिकअपची कंपनी 'ड्युअल रेझोनन्स' म्हणते. सेमूर डंकन या दुसऱ्या पिकअप कंपनीकडे तर '५९/कस्टम हायब्रिड' तयारच मिळतो: एक कॉइल ५९ या सौम्य पिकअपची, दुसरी कस्टम या दणदणीत पिकअपची. तेव्हा घरी बसून आपण जे करू पाहतो त्याला मोठा आधार आहे.

आता कारण, आणि इथे मला थोडं रेंगाळायचं आहे, कारण हे कळलं की कुठली कॉइल कुठल्या कॉइलशी लावायची हे आपसूक कळतं.

हंबकरच्या दोन कॉइल्सच्या मध्यांमध्ये साधारण १८ मिलिमीटर अंतर असतं. पिकअप तारेचं कंपन एकाच वेळी दोन जागी टिपतो. वरचे काही हार्मोनिक, म्हणजे मूळ स्वराच्या पटीत वाजणारे उपस्वर, असे असतात की पहिल्या कॉइलवर तार वर जात असताना दुसरीवर ती नेमकी खाली येत असते. दोन्ही कॉइल्स सारख्या ताकदीच्या असतील तर तो हार्मोनिक पुसलाच जातो. गिब्सनच्या लेस पॉल गिटारची तार साधारण ६२८ मिलिमीटर लांब. तिचा पस्तिसावा हार्मोनिक घ्या. त्याच्या अर्ध्या लाटेची लांबी ६२८ भागिले ३५, जवळजवळ १८ मिलिमीटर. जाड ई तार ८२.४ हर्ट्झची, तिला ३५ ने गुणलं की येतात सुमारे २९०० हर्ट्झ. जाड ई तारेच्या आवाजात बरोबर तिथे खड्डा पडतो. ए तारेचा खड्डा ३८५० च्या आसपास, डी तारेचा ५१०० च्या पुढे. पातळ ई तारेचा साडेअकरा हजारांवर, तिथवर असल्या पिकअपची धाव नसतेच. शिवाय कुठल्याही फ्रेटवर बोट ठेवलंत तरी त्या तारेचा खड्डा हलत नाही. लाट तारेवरून किती वेगाने धावते आणि कॉइल्समधलं अंतर किती, एवढ्यावरच तो ठरतो.

प्लेक्ट्रम तारेला लागतं तो क्षण, तारेचा कणखरपणा, हे सगळं अडीच ते चार हजार हर्ट्झमध्ये ऐकू येतं. जाड तारांचे खड्डे नेमके तिथेच. बारीक तारा सुटतात, जाड तारा सापडतात. म्हणूनच हंबकरवर सोलो छान वाजतो आणि खालचा रिफ गुदमरतो.

आता एका कॉइलवर ६००० वेढे आणि दुसरीवर ४००० असतील, तर त्या जागी पूर्ण वजाबाकी होत नाही. दहा हजारांतले दोन हजार, म्हणजे पाचवा हिस्सा, शिल्लक राहतो. खड्डा उथळ होतो आणि जाड तारेचा टोकदारपणा परत येतो. मिरजेच्या कारागिराने तंबोऱ्याची जवारी लावून दिल्यावर खर्जाची तार जशी खुलते, त्या जातीचा हा फरक आहे. आवाज मोठा होत नाही, तारेच्या पोटातलं बाहेर येतं.

दुसरं कारण रेझोनन्सचं. पिकअपची इंडक्टन्स (हेन्रीत मोजतात) आणि केबलची कपॅसिटन्स (पिकोफॅरडमध्ये मोजतात) मिळून एका जागी आवाजाला उंचवटा देतात, त्याच्या वरचं सगळं उतरत जातं. पाच मीटर केबलचे साधारण ५०० पिकोफॅरड आणि बाकीचे शंभरेक धरू. साडेचार हेन्रीच्या सौम्य पिकअपचा उंचवटा ३००० हर्ट्झच्या जरा वर येतो. आठ हेन्रीच्या दणदणीत पिकअपचा २३०० वर. दोघांची एकेक कॉइल घेतली आणि सहा हेन्रीच्या आसपास आलात, तर २६५०. ऐकायला आकडे जवळजवळचे वाटतात, पण गिटारच्या कानाला २३०० म्हणजे नाकातला, दाबलेला आवाज आणि २६५० म्हणजे मोकळा झालेला. दणदणीत पिकअपची ताकद बरीचशी राहते, पडदा उठतो.

किंमत काय मोजावी लागते? थोडी भुणभुण. ती वेढ्यांच्या हिशेबाने येते. ५००० आणि ६००० ची जोडी असेल तर हजार वेढ्यांची भुणभुण कटायची राहते. फेंडरच्या स्ट्रॅट गिटारमधल्या एका कॉइलच्या पिकअपवर साधारण ८००० वेढे असतात, त्या मानाने ही आठवा भाग. घरात, स्टेजवर मला ती कधी नडली नाही. मात्र वेढ्यांचा अंदाज ओहमवरून बांधू नका. ५००० वेढे ४२ गेजच्या तारेचे असतील तर चारेक किलोओहम दिसतात, तेच वेढे ४४ गेजचे असतील तर सहाच्या वर, कारण बारीक तारेचा रेझिस्टन्सच जास्त. मीटरवर खूप विषम दिसणारी जोडी वेढ्यांनी बऱ्यापैकी सारखी असू शकते. मग भुणभुण कमी, पण खड्डाही फारसा उथळ होत नाही.

पिकअप उघडण्याआधी एक साधा प्रयोग करून बघा, असा माझा आग्रह असतो. पिकअपला चार वायर असतील तर दोन कॉइल्स जिथे जोडल्या आहेत तो सांधा आणि ग्राउंड यांच्यामध्ये २५ किंवा ५० किलोओहमचा प्रीसेट, म्हणजे पेचकसाने कमीजास्त करायचा छोटा रेझिस्टर, लावा. लॅमिंग्टन रोडवर किंवा कुठल्याही इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात तो किरकोळ पैशांत मिळतो. पेचकसाने फिरवत गेलात की एक कॉइल हळूहळू दुबळी होत जाते. अँप नेहमीच्या गेनवर ठेवून खालच्या दोन तारांवर पाचव्या फ्रेटचा पॉवर कॉर्ड वाजवत राहा. एका जागी दोन्ही स्वर वेगळे ऐकू यायला लागतात. त्याच्या पुढे गेलात की आवाज किरकोळ व्हायला लागतो. ती जागा तुम्हाला आवडली तर पिकअप उघडण्यात अर्थ आहे. नाही आवडली तर प्रीसेट काढून टाका, काहीच बिघडलेलं नाही.

आवडली, तर पुढचं काम हाताचं. आधी पट्टीने कॉइलमधल्या, तारांखाली येणाऱ्या लोखंडी खांबांमधलं अंतर मोजा. पहिल्या खांबापासून सहाव्यापर्यंत कुणाचं ५० मिलिमीटर असतं, कुणाचं ५२-५३. या दोन मापांच्या बॉबिन एकत्र बसवायला जाऊ नका. जुना, मौल्यवान पिकअप तर उघडूच नका. खालच्या पत्र्याला बॉबिन धरून ठेवणारे चार छोटे पितळी स्क्रू असतात, पण स्क्रूवाल्या कॉइलचे सहा खांबही पत्र्यातून आरपार गेलेले असतात, ते आधी काढायचे. आत मेण ओतलेलं असेल तर हेअर ड्रायरने कोमट करा, ओढाताण करू नका. कॉइलभोवतीची टेप अजिबात सोडायची नाही. आतली ४२ गेजची तार ०.०६३ मिलिमीटर जाडीची, केसाहून बारीक. लोखंडी पेचकस चुंबकाकडे खेचला जातो आणि घसरून नेमका तिथेच लागतो. चुंबक उचलण्याआधी त्याची कुठली कड कुठल्या कॉइलकडे होती ती मार्करने खूण करून ठेवा.

जोडणी बरोबर आहे का हे सोल्डर पक्कं करण्याआधी तपासायचं. वायरच्या रंगांवर विसंबू नका, प्रत्येक कंपनीचे रंग वेगळे. मल्टीमीटर डीसी मिलिव्होल्टवर ठेवा, एका कॉइलच्या दोन टोकांना लावा आणि पेचकसाचं सपाट पातं खांबांवर टेकवून झटकन उचला. आकडा क्षणभर अधिक किंवा उणे जातो. दुसऱ्या कॉइलवर तसंच करा. दोन्हीकडे उचलताना आकडा एकाच दिशेला जात असेल, तर पहिल्या कॉइलचं लाल प्रोबचं टोक दुसरीच्या काळ्या प्रोबच्या टोकाला जोडा. दिशा उलट असेल तर एका कॉइलची टोकं अदलाबदल करा. इथे उलटसुलट झालं तर तारेचा आवाज कटतो, भुणभुणीची बेरीज होते, आणि अँप लावल्या लावल्या ते कळतं.

कुठली कॉइल कुठे? ब्रिजच्या (तारा खाली जिथे टेकतात तिकडच्या) पिकअपमध्ये मी जोरदार कॉइल नेककडच्या, म्हणजे दांडीकडच्या, बाजूला ठेवतो, बहुतेक गिटारींत तिथे सपाट खांबांची कॉइल येते. तिथे तार जास्त हलते, त्यामुळे भरीवपणा मिळतो. ब्रिजला खेटून असलेली स्क्रूवाली कॉइल सौम्य घ्यायची, ती स्पष्टपणा देते आणि स्क्रू वरखाली करून तिचं प्रमाण कानाने ठरवता येतं. उलट केलंत तर आवाज कडक आणि अरुंद होतो, मला तो रुचत नाही. चुंबक मात्र सुरुवातीला आहे तोच ठेवा. कॉइल आणि चुंबक एकदम बदलले की कशाने काय झालं ते कळायला मार्ग उरत नाही.

राहिल्या उरलेल्या दोन कॉइल्स: सौम्य पिकअपची सपाट खांबांची आणि जोरदार पिकअपची स्क्रूवाली. त्यांचाही पिकअप होतो आणि तो नेकला चांगला चालतो, फक्त बसवताना अर्धा फेरा फिरवून बसवा. नेकला स्क्रू एरवी फिंगरबोर्डकडे असतात, तसं ठेवलं तर जोरदार कॉइल नको तिथे येते आणि आवाज फुगतो. फिरवला की ती ब्रिजकडे येते. उंचीही नेहमीपेक्षा जरा खाली ठेवा. मग स्विच मधल्या जागी ठेवून दोन्ही पिकअप एकदम वाजवा. आवाज पोकळ, पातळ आला तर दोघांचा फेज उलटा आहे, म्हणजे एकाचा सिग्नल वर जाताना दुसऱ्याचा खाली येतो. नेकच्या पिकअपला चार वायर असतील तर ग्राउंडची वायर तशीच ठेवून सिग्नलच्या दोन टोकांची अदलाबदल करा. जाळीची एकच वायर असेल तर टोकं बदलू नका, धातूचं कव्हरच सिग्नलला लागेल. अशा वेळी चुंबक बाहेर काढून कडा उलट करून परत सरकवायचा. फेज जुळतो आणि वायरिंगला हात लावावा लागत नाही.